खाती मोडून टीम केल्या तेव्हा

दोष सगळा वसंतकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दुसऱ्याला शोधत बसायला नको.

वसंतकाका म्हणजे आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजर. मूळचे आमच्याच निपाणीचे, माझ्या वडिलांचे शाळासोबती. उभा जन्म बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात काढला, रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडवर आले. मी तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा आमच्या घरी बसून, माझ्यासमोर, पोहे खात "पोरगं वाया गेलं" म्हणणारे हेच, आणि नंतर मला असेंब्लीत चिकटवणारेही हेच. त्यामुळे त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललो की वडील फोन ठेवतात. लिहिलेलं मात्र ते वाचत नाहीत, तेव्हा बिनधास्त लिहितो.

पीण्यातल्या शेडमध्ये किस्से कसे साठतात? लेथखाली लोखंडाचा भुसा साठतो तसे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत पायाला टोचतोय. जितकी माणसं जुनी तितका भुसा जास्त. आमच्याकडे जुनी माणसं भरपूर.

*

आमची कंपनी हॉटेलवाल्यांची आणि मिठाईवाल्यांची मशीन बनवते. इडलीचं पीठ वाटणारं, ते पिशवीत भरणारं, तव्यावर डोसा ओतणारं. मालक राजूअण्णा. बेंगळुरूच्या चामराजपेटेत त्यांच्या तीन पिढ्या झाल्या. घर मराठी, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं, आणि बहुतेक वेळा "सरी, बिडू" वर संपतं. म्हणजे ठीक आहे, सोडून द्या.

आधी सगळं खात्यांमध्ये वाटलेलं होतं. डिझाइन, परचेस, असेंब्ली, इलेक्ट्रिकल, क्वालिटी. प्रत्येक खात्याला एक काचेची भिंत, एक चहाची किटली आणि एक फुगलेला साहेब. कागद एका काचेमागून दुसऱ्या काचेमागे जायचा. माणूस कधी जायचा नाही.

त्या काळात आम्ही म्हैसूरच्या एका हॉटेलला पीठ वाटायचं मोठं मशीन पाठवलं. सगळ्या खात्यांनी सह्या केल्या, हार घातला, नारळ फोडला, टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याचा फोन आला. माणूस फार सभ्य. म्हणाला, मशीन सुंदर आहे, रंगही छान आहे, फक्त चालू कुठून करायचं तेवढं सांगा.

बटणच नव्हतं.

डिझाइनचे जोशी सर म्हणाले, बटण हा इलेक्ट्रिकलचा विषय. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले, ड्रॉइंगमध्ये बटणासाठी जागाच नाही, आम्ही लावायचं कुठं? परचेस म्हणालं, आमच्याकडे कुणी मागितलंच नाही. शेडमध्ये टेस्टिंग करताना आम्ही वायरी थेट जोडून मशीन फिरवायचो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. क्वालिटीवाल्याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. तो शांतपणे म्हणाला, "जे मशीनमध्ये नाहीच, ते मी रिजेक्ट कसं करणार?"

*

या बटणाच्या दुःखात असतानाच वसंतकाका शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला, एका हॉटेलात सेमिनारला गेले. तिथं आयटी पार्कातल्या कुठल्याशा साहेबाने त्यांना सांगितलं की खाती ही आता जुनी गोष्ट झाली. काम प्रोजेक्टभोवती बांधायचं. एका मशीनची एक टीम. डिझाइनवाला, परचेसवाला, फिटर सगळे एकाच टेबलाला. मशीन बाहेर पडेपर्यंत कुणी कुणाला सोडायचं नाही.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण महादेवपुऱ्याहून पीण्याला परत येताना काका ट्रॅफिकमध्ये अडकले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी गाडीत बसून आख्खी कंपनी नव्याने मांडली. रस्ता मोकळा असता तर आम्ही वाचलो असतो.

सोमवारी सगळ्यांना शेडमध्ये जमवून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून खातं नाही, पद नाही, डिग्री नाही. फक्त प्रोजेक्ट."

डिग्री नाही म्हटल्यावर टाळी वाजवणारा मी एकटाच होतो.

कारण सांगतो. माझ्या कार्डावर 'हेल्पर' लिहिलेलं होतं. खात्यांच्या जमान्यात डिग्री नसलेल्याला हेल्परच्या वर जायला शिडीच नव्हती. मशीन आख्खं जोडता येवो नाही तर न येवो. निपाणीत वडील शेजाऱ्यांना सांगायचे, पोरगा बेंगळुरूला ट्रेनिंगला आहे. हे ट्रेनिंग संपतं कधी, असं शेजारी आता विचारायला लागले होते. मला कार्डावर 'इंजिनिअर' हवं होतं. बाकी काही नको होतं.

काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, एक प्रोजेक्ट पुरा करून दाखव, कार्ड बदलून देतो आणि पर्मनंट करतो. मी विश्वास ठेवला.

*

पहिली सुधारणा म्हणजे रोज सकाळी उभ्याने मीटिंग. माणूस उभा असला की कमी बोलतो आणि मीटिंग पंधरा मिनिटांत संपते, असं काकांना सेमिनारमध्ये शिकवलेलं.

पण काका स्वतः उभे राहिले की त्यांना त्यांचा सरकारी कारखाना आठवायचा. मग तिथली टाउनशिप, तिथलं कँटीन, तिथं एका मंत्र्याला मशीन दाखवताना काकांनी काय उत्तर दिलं, हे सगळं व्हायचं. जोशी सरांचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांना खुर्ची आली. जोशी सरांना खुर्ची मिळाली म्हणून परचेसच्या सुमाअक्कांना आली. अक्का बसल्या म्हणून राजूअण्णाही बसले. मालक बसल्यावर चहा आलाच. चहाबरोबर खारा बन, म्हणजे इथले तिखट पाव, आले.

शेवटी फक्त आम्ही तरुण मंडळी उभी. मी काकांना म्हणालो की ही उभ्याची मीटिंग आहे ना, मग सगळे बसलेत कसे?

काका बन खात म्हणाले, "उभं राहणं ही मनाची अवस्था आहे."

*

आता सुमाअक्का. आख्खं परचेस खातं म्हणजे एकट्या अक्का. एक बाई, एक फोन, आणि बेंगळुरूच्या शिवाजीनगरपासून होसूरपर्यंतचा प्रत्येक मोटरवाला त्यांना घाबरून. अशा माणसाला कापून वाटायचं कसं? काकांनी वाटलं. सकाळी अक्का इडली प्रोजेक्टच्या टेबलाला, दुपारी डोसा प्रोजेक्टच्या.

एकदा मोटर आली एकच आणि हवी होती दोन्हीकडे. डोसावाले सकाळी अक्कांकडे गेले. अक्का म्हणाल्या, आत्ता मी इडलीची आहे, मोटर इडलीची. तुमचं काय ते जेवणानंतर मला विचारा. जेवणानंतर गेले तर म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, फार अन्याय झाला, पण मोटर सकाळच्या अक्कांनी दिली ना, मी काय करणार?

डोसावाल्यांना वाटलं अक्का चेष्टा करतायत. अक्का चेष्टा करत नव्हत्या. काकांचा नियमच होता की एका प्रोजेक्टने दुसऱ्याकडून काही घ्यायचं तर लेखी मागायचं. म्हणून अक्कांनी दुपारी डोसा प्रोजेक्टकडून इडली प्रोजेक्टला, म्हणजे स्वतःकडून स्वतःलाच, मेल लिहिला. काकांना कॉपी ठेवली. सकाळी मेल वाचला आणि नकार दिला. असं आठवडाभर चाललं. मग एका दुपारी मीटिंगमध्ये त्या सरळ काकांना म्हणाल्या, "इडलीच्या बाई फार उद्धट आहेत हो. तुम्ही जरा बोला त्यांच्याशी."

काकांनी डायरी काढली आणि म्हणाले, बोलतो.

*

असेंब्लीचा फोरमन शिवप्पा. बेळगावकडच्या खेड्यातला, घरात कन्नड, बाजारात मराठी. मला तो 'तम्मा' म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. आणि धाकट्या भावाला देतात तशा शिव्याही देतो. खाती मोडल्यावर शिवप्पा प्रत्येक प्रोजेक्टमध्ये थोडा थोडा होता.

शिवप्पाच्या गावची जत्रा आली. पूर्वी सुट्टी तो जोशी सरांना सांगून जायचा, कारण त्यांचं टेबल गेटच्या वाटेवर. आता सुट्टी कुणाकडून घ्यायची? काकांकडे गेला, काका म्हणाले, मी कोण? टीमलीडला विचार. एका टीमलीडला विचारलं, तो म्हणाला, तू तर जास्त त्यांच्याकडे असतोस, त्यांना विचार. शिवप्पा स्वल्प वेळ विचार करत गेटपाशी उभा राहिला आणि बसमध्ये बसून गावाला गेला.

इडलीच्या मीटिंगमध्ये रोज सांगायचे, शिवप्पा आज डोसाला आहे. डोसाच्या मीटिंगमध्ये सांगायचे, आज तो इडलीला आहे. काका मान डोलवायचे. हेच तर हवं होतं त्यांना, माणूस सगळीकडे फिरता.

जत्रा करून, पाहुणे वाटेला लावून, घराची कौलं बदलून शिवप्पा परत आला. सगळ्यांना करदंट, म्हणजे तिकडची डिंक-गुळाची मिठाई, वाटला. त्या महिन्यात काकांनी प्रत्येक टीमला विचारलं होतं की इतर टीमच्या माणसांपैकी कुणाचा त्रास सगळ्यात कमी झाला.

शिवप्पाला शाल मिळाली.

*

माझ्या वाट्याला प्रोजेक्ट आला तो कुणालाच नको होता म्हणून. होळिगेचं मशीन. होळिगे म्हणजे पुरणपोळीची इथली बहीण. जास्त मऊ, जास्त तेलकट. गिऱ्हाईक होतं राजूअण्णांच्या बहिणीचं सासर, चामराजपेटेतलं मिठाईचं दुकान. म्हणजे नाव नाही, फायदा नाही, आणि मशीन बिघडलं की शिव्या थेट मालकाच्या घरी. जोशी सरांना एकदम पाठदुखी सुरू झाली. काकांनी मला लीड केलं.

पण एक अट होती. काका म्हणाले, टीमलीड कुठल्या खात्यात हेल्पर म्हणून दिसता कामा नये, चांगलं दिसत नाही. खाती मोडली तरी पगार अजून जुन्या खात्यांच्याच यादीवर निघत होता. ते काका नंतर बघणार होते. बाकी कुणी आपलं नाव यादीतून काढून घेतलं नाही. जोशी सरांनी नाही, अक्कांनी नाही, शिवप्पाने तर नाहीच. मी लगेच नाव काढा म्हणून लिहून दिलं, आणि माझा पगार तेवढ्यापुरता होळिगेच्या खर्चात धरला गेला. असेंब्लीतल्या माझ्या जागी राजूअण्णांनी त्यांच्या ड्रायव्हरचा भाचा घेतला.

काम सुरू झालं आणि मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली. टेस्टिंगला पुरण हवं होतं. सुमाअक्का म्हणाल्या, पार्ट नंबर नसलेली वस्तू मी विकत घेत नाही. जोशी सर म्हणाले, ड्रॉइंग नसलेल्या वस्तूला पार्ट नंबर मिळत नाही. मग जोशी सरांनी पुरणाचं ड्रॉइंग काढलं. एक गोळा. खाली लिहिलं, मटेरियल: हरभरा डाळ.

राजूअण्णा भडकले. होळिगेत तूरडाळ असते. जोशी सर पुण्याचे. ते म्हणाले की तूरडाळीची आमटी होते, पुरण होत नाही. मालक आणि डिझाइनचा साहेब डाळीवरून एकमेकांशी बोलेनात. मशीन तसंच पडलेलं. शेवटी मी दोन्ही पुरणं दुकानातून स्वतः आणली आणि दोन्ही चालतील असा रोलर बसवला. शिवप्पा बरोबर होता. आम्ही कुणालाच विचारलं नाही, म्हणून ते झालं.

पहिली धड होळिगे पट्ट्यावरून बाहेर आली, न फाटता, गोल, पातळ. क्वालिटीवाला मापायला कॅलिपर घेऊन धावला. तेवढ्यात काकांनी ती उचलून खाल्ली. त्यांना शुगर आहे. डॉक्टरने गोड बंद केलंय. घरी काकू त्यांना साखरेचा डबा दिसू देत नाहीत. क्वालिटीवाला रिकामा कॅलिपर धरून उभा. मी म्हणालो, काका, सॅम्पल होतं ते.

काका तोंड पुसत म्हणाले, "पास. पण एकावर भरवसा ठेवू नये. अजून चार काढा."

*

माझं मशीन पुरं होत आलं तेव्हा शिवप्पा एक दिवस माझ्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, तम्मा, सगळं कसू नकोस, थोडं काम ठेव. मला वाटलं, म्हातारा जळतोय. मी त्याला म्हणालो की तुम्ही लोकांनी आयुष्यभर हेच केलंत, अर्धं ठेवून पगार घेतलात, म्हणून ही कंपनी अशी आहे. तो पाना घेऊन माझ्याबरोबर बोल्ट कसत राहिला.

मशीन गेलं. चामराजपेटेत दुकानासमोर रस्त्यावरच पूजा झाली, बस अडली, कंडक्टरलाही होळिगे मिळाली. राजूअण्णांच्या बहिणीच्या सासऱ्यांनी, ज्यांनी आजवर कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही, माझ्या पाठीवर थाप मारली. मी निपाणीला फोन केला. वडील म्हणाले, बरं झालं, आता ट्रेनिंग संपलं म्हणून सांगतो सगळ्यांना.

सोमवारी मी शेडवर गेलो तर माझ्या टीमचं टेबल इडली प्रोजेक्टला दिलेलं. मी काकांकडे गेलो. काका खूश होते. त्यांनी समजावून सांगितलं की प्रोजेक्ट संपला की टीम संपते, हीच तर या पद्धतीची खुबी आहे. आता प्रत्येकाने आपापल्या मूळ जागी जायचं. माझी मूळ जागा कुठली? काका म्हणाले, राजूअण्णांना विचार. राजूअण्णांनी यादी वर-खाली बघितली. असेंब्लीत ड्रायव्हरचा भाचा. डिझाइनला डिग्री लागते. नवीन प्रोजेक्ट कुठलाच सुरू होणार नव्हता, कारण जुना एकही संपत नव्हता. इडली नव्वद टक्के झाली होती, डोसाही नव्वद टक्के झाला होता, आणि दोन्ही आजही नव्वद टक्केच आहेत.

मी कार्डाचं विचारलं. राजूअण्णा म्हणाले, कुठलं खातं छापू त्यावर? मग यादी ड्रॉवरमध्ये ठेवत "सरी, बिडू" म्हणाले.

*

यानंतर काही दिवसांनी काकांचा फोन आला. महादेवपुऱ्याच्या त्याच हॉटेलात, त्याच सेमिनारला, आता काका भाषण करणार होते. विषय, लहान कारखान्यात खाती मोडून प्रोजेक्ट. मला म्हणाले, तू ये, पुढच्या रांगेत बस, मोठमोठी माणसं येतात. मला वाटलं, काका कुणाशी तरी गाठ घालून देतील. इस्त्रीचा शर्ट घालून, तीन बस बदलून गेलो.

काका छान बोलले. पडद्यावर होळिगेचं मशीन, मग त्याच्याशेजारी उभा मी, तोंडाला पीठ लागलेला. काकांनी सांगितलं, हा मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेला, आम्ही याला लीड केलं, याने वेळेत मशीन दिलं. जुन्या पद्धतीत हे शक्य होतं का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठीमागे टेबलावर त्याच मशीनच्या होळिगे मांडलेल्या होत्या, तूप वेगळं.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. माझ्याच वयाची असेल, गळ्यात कुठल्यातरी आयटी कंपनीचं कार्ड. तिने विचारलं, प्रोजेक्ट संपल्यावर त्या टीमलीडला तुम्ही पुढे काय दिलंत?

काकांचा चेहरा फुलला. त्यांनी माझ्याकडे हात केला. "तो इथंच बसलाय की. त्यालाच विचारा."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला.

मी म्हणालो, "नोकरी शोधतोय."

हॉल हसला. मनापासून हसला. सगळ्यात मोठ्याने काका हसले, आणि माइकमध्ये म्हणाले की बघा, ही आमच्याकडची मोकळी हवा, पोरं अशी थट्टा करतात. मग पुन्हा टाळ्या झाल्या, आणि सगळे होळिगे खायला उठले.

तर माझी नोकरी गेली ती अशी.